करंगळीएवढी गोळी

साल दोन हजार तेवीस. माझं वय तेव्हा त्र्याहत्तर. दिवाळी होऊन गेली होती. आमच्या जत भागात शाळू (रब्बीची ज्वारी) अजून गुडघ्यालाही लागला नव्हता आणि पाण्याचा टँकर मात्र सुरू झाला होता. त्या दिवसांत मी जतहून सांगली आणि सांगलीहून साताऱ्याच्या पुढं असा प्रवास केला, तो लिहितो. शाळा माझी चौथीपर्यंत. पुढचं वाचायला-लिहायला पलटणीत शिकलो. सांभाळून घ्या असं मी म्हणणार नाही. चुकलं तर चुकलं.

जायचं कारण नात. सुवर्णा तिचं नाव. सांगलीत दवाखान्यात नर्स आहे. तिला साताऱ्याकडचं स्थळ आलं होतं. मुलगा फौजेत नाईक, बाप सुभेदार होऊन पेन्शनीत आलेला. आमच्याच धनगर समाजातलं घर. पोरगा-पोरगी एकमेकांना बघून बसली होती, पसंत होती. राहिलं होतं ते घर बघणं. आमच्यात घर बघायला घरातला सगळ्यात म्हातारा माणूस जातो. तो हो म्हणाला की सुपारी फुटते. तो म्हातारा मी.

मेंढरं पुतण्याच्या हवाली केली, भाकरी आणि शेंगाची चटणी फडक्यात बांधली आणि सकाळच्या एस.टी.नं निघालो. कोटावर पदकं लावली होती. कंडक्टर म्हणाला, "आबा, आज परेड हाय काय?" मी म्हटलं, "रोजच हाय. तुला दिसत न्हाई."

जत सोडल्यावर बराच वेळ खिडकीतून माळच दिसतो. बाभळी, खडी, मधेच एखादं मेंढरांचं खांड (कळप). मिरजेच्या अलीकडं हिरवं दिसायला लागतं आणि सांगलीत शिरलं की वाटतं, एकाच जिल्ह्यात देवानं दोन देश केलेत. विश्रामबागेत माझा मुलगा दत्ता राहतो. कॉलेजात शिपाई आहे. त्याच्याकडं मुक्काम केला. सुवर्णानं कोरड्यास (भाकरीबरोबरची पातळ भाजी) छान केलं होतं. जेवण झाल्यावर ती जवळ येऊन बसली.

"आबा, एक सांगू? उद्या तिथं बंदुकीचं काढू नका."

"का?"

"कारण त्यांच्या घरात..."

"फौजीच्या घरात बंदुकीचं काढायचं न्हाई, तर काय भजन म्हणायचं?"

"ऐका तरी."

"तुझ्या आज्यानं सतरा वर्षं रायफल वाहिली. तू मला शिकवू नको."

ती उठून गेली. तिच्या पोटातलं तिच्या पोटात राहिलं. माझा डावा कान गोळीबारानं गेलाय. त्यामुळं मला ऐकू येत नाही, असं लोक म्हणतात. तसं नाही. त्या दिवशी ती उजव्या बाजूला बसली होती.

दुसऱ्या दिवशी मी आणि दत्ता सातारा गाडीत बसलो. ऊसतोड सुरू झाली होती, ट्रॅक्टर-ट्रॉल्यांनी रस्ता अडवला होता. इस्लामपूरच्या पुढं गाडी टायर पंक्चर होऊन थांबली. खाली उतरून सगळे झाडाखाली उभे राहिलो. तिथं एक पोरगं दिसलं. केस बारीक, पायात फौजी बूट, खांद्याला काळी पिशवी. सुट्टी संपवून पलटणीकडं निघालेला. मी सरळ विचारलं, "कुठली चालवतोस?"

आम्हा फौजींत हा प्रश्न बायको-पोरांच्या आधी विचारतात. तो हसला. "इन्सास चालवली आबा. आता एके-सत्तेचाळीस हाय."

मग मी त्याला धरलंच. वाचणाऱ्यांपैकी ज्यांनी ही हत्यारं बघितली नाहीत त्यांच्यासाठी इथं थोडं सांगतो. माझी रायफल एसएलआर. वजनाला साडेचार किलोच्या घरात, भरल्यावर पाचाच्या वर. मॅगझिनमध्ये (गोळ्यांची पेटी) वीस गोळ्या. घोडा एकदा ओढला की एकच गोळी सुटते. गोळीची जाडी सात पॉइंट बासष्ट मिलिमीटर, म्हणून तिला सात बासष्ट म्हणायचं. नळकांड्यासकट (दारू भरलेली पितळी पुंगळी) पूर्ण गोळी माझ्या मधल्या बोटाएवढी लांब. उडवली की खांद्याला गाढवाची लाथ बसावी तसा धक्का. मी पलटण सोडल्यावर काही वर्षांनी इन्सास आली. तिची गोळी पाच छप्पन. बारीक, करंगळीएवढी. धक्का कमी, वजन कमी, त्यामुळं जवान जास्त गोळ्या जवळ बाळगू शकतो. एकदा घोडा दाबून तीन गोळ्या सुटायची सोयही तिच्यात आहे.

"आणि एके," मी म्हटलं, "ती तर आमचीच गोळी. सात बासष्ट."

"न्हाई आबा. जाडी तीच, पण नळकांडं आखूड. दारू कमी. तुमच्या रायफलीत ती बसायची न्हाई आणि तुमची एकेत बसायची न्हाई."

हे मला माहीत नव्हतं. पण मी म्हटलं, "ते ठाऊक हाय मला. तुला ठाऊक हाय का बघत हुतो."

पोरगं मान हलवून पिशवीचा पट्टा सारखा करायला लागलं. दत्ता मधे दोनदा म्हणाला, "आबा, जरा इकडं या, एक सांगायचं राहिलंय." मी त्याला हातानं गप्प केलं. फौजी बोलत असताना शिपायानं मधे बोलायचं नसतं, असं माझ्या मनात आलं. कॉलेजच्या शिपायाबद्दल म्हणतोय. माझ्या मुलाबद्दल. आता लिहिताना लाज वाटते.

गाडी सुरू झाल्यावर दत्ता माझ्या डाव्या बाजूला बसला. काहीतरी बोलत होता. मी कराड येईपर्यंत झोपलो.

साताऱ्याच्या स्टँडवर कंदी पेढे घेतले. डोक्यावर अजिंक्यतारा होता, उन्हात पिवळा पडलेला. तिथून वाईकडं जाणाऱ्या गाडीत बसलो आणि एका फाट्यावर उतरलो. गावाचं नाव लिहीत नाही, त्या घराला उगाच ओळख नको. गाव फौजींचं. गल्लीत शिरल्यावर दर दोन घरांआड दारावर पलटणीचं नाव रंगवलेलं. भिंती चुन्यानं पांढऱ्या, खालचा पट्टा गेरूचा, सरळ रेघेत. मला वाटलं, हे आपलं गाव.

सुभेदारांनी दारात येऊन हात जोडले. उंच माणूस, मिशी पांढरी. त्यांच्या मालकीणबाईंनी पायावर पाणी घातलं. मुलगा विक्रम सुट्टीवर होता, तो पाया पडला. आत सोप्यात (पुढच्या खोलीत) एक लाकडी खुर्ची भिंतीला लावून ठेवलेली होती, तिच्यावर स्वच्छ चादर. "आबा, तुम्ही इथं. ही मानाची जागा," सुभेदार म्हणाले. मी बसलो. बाकी सगळे माझ्यासमोर, सतरंजीवर आणि स्टुलांवर. दत्ता दाराजवळच्या स्टुलावर.

पोहे आले, चहा आला. सुभेदार कमी बोलत होते. खरं सांगायचं तर ते मला खुपत होतं. मी नाईक म्हणूनच पेन्शनीत आलो. चौथीच्या पुढं सर्टिफिकेट नव्हतं म्हणून हवालदारी मिळाली नाही. समोरचा माणूस सुभेदार. तो मला खुर्चीवर बसवून स्वतः खाली बसला होता, तरी मला वाटलं, याला कळलं पाहिजे मी कोण आहे.

"विक्रम," मी म्हटलं, "तू कुठली चालवतोस?"

त्यानं आधी बापाकडं बघितलं. "नवी आलीय आबा. अमेरिकेची. गोळी परत सात बासष्ट. तुमचीच, मोठी."

मला काय आनंद झाला! मी मांडीवर थाप मारली. "बघा! आलं का न्हाई सरकार फिरून माझ्या गोळीवर? मग मधली तीस वर्षं काय चिमण्या मारल्या?"

सुभेदारांची सगळी नोकरी त्याच मधल्या वर्षांतली होती. ते म्हणाले, "त्यात बी बरं हुतं आबा. वजनाला हलकी, नेम बरा बसायचा."

"हलकी!" मी करंगळी वर केली. "ही एवढी गोळी. हिनं माणूस जखमी हुतो, मरत न्हाई. मुद्दाम तशी केलीय. एक पडला की दोघं त्याला उचलायला, असा हिशेब. आमची लागली की उचलायला काय राहत नव्हतं." मी मधलं बोट दाखवलं, परत करंगळी दाखवली. "ह्या करंगळीनं मेलेला एक माणूस दाखवा मला. एक!"

दत्तानं स्टूल पुढं ओढून पायानं माझा पाय दाबला. मी मोठ्यानं म्हटलं, "पाय का दाबतोस रं? खोटं बोलतोय का मी?"

सगळे माझ्याकडं बघत होते. मला वाटलं, गार झाले. आता आठवतं, त्यांची नजर माझ्या तोंडावर नव्हती. माझ्या डोक्याच्या जरा वर होती.

सुभेदारांच्या मालकीणबाई उठून आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा हातात ताट होतं, ताटात झेंडूचं एक फूल. आवाज साधा होता त्यांचा. "आबा, आमच्या घरात मोठं माणूस पहिल्यांदा आलं की त्याच्या हातानं थोरल्याला फूल वाहून घेतो. म्हणून तुमाला तिथं बसवलंय. जरा उठता?"

मी उठलो आणि वळलो.

भिंतीवर माझ्या डोक्याच्या वर वर्दीतला फोटो होता. चंदनाचा हार. चेहरा विक्रमसारखा, फक्त मिशी फुटायला लागलेली. इतका वेळ मी त्या पोराच्या खाली बसून बोलत होतो.

"तीन वर्षं झाली," सुभेदार म्हणाले. "काश्मिरात." थोडं थांबून म्हणाले, "पाच छप्पनच हुती. आता समोरच्याकडं बी असते ती." त्यांनी करंगळी वर केली नाही. नुसती दुसऱ्या हातानं धरली. "शिरताना एवढी बी जागा दिसत नव्हती. गोळी हलकी, पण लय जोरात येती. आत गेल्यावर फिरली, असं डॉक्टर म्हणाले."

मग माझ्याकडं बघून म्हणाले, "तुमचं चूक न्हाई आबा. तुमची रायफल जडच हुती."

त्यांनी मला शिवी दिली असती तर मी शिवी दिली असती. मला ते जमतं. हे जमलं नाही. फूल उचललं, फोटोपर्यंत हात नेला आणि फूल खाली पडलं. मालकीणबाईंनी उचललं, फुंकर मारली, परत माझ्या हातात दिलं. दुसऱ्यांदा ते फ्रेमच्या कोपऱ्यात अडकलं. चुकलो, एवढा शब्द बोलायचा होता. तोंडात आला आणि तिथंच राहिला. मी चप्पल घातली.

सुपारी फुटली नाही. निघताना सुभेदार दत्ताला म्हणाले, "कळवतो आमी." हो म्हणायचं असलं की असं म्हणत नाहीत, हे मेंढरं विकणाऱ्यालाही कळतं.

परतीच्या गाडीत दत्ता माझ्या उजव्या बाजूला बसला. कराड गेलं, पेठ नाका गेला. शेवटी मीच म्हटलं, "तू आधी का न्हाई सांगितलंस?"

"झाडाखाली दोनदा हाक मारली आबा. गाडीत बी सांगत हुतो. तुमी झोपला हुता."

"सुवर्णाला ठाऊक हुतं?"

"तीच सांगत हुती काल."

खिडकीबाहेर उसाच्या ट्रॉल्या चालल्या होत्या. मी त्या मोजत बसल्यासारखं केलं.

विश्रामबागेत सुवर्णा दारात उभी होती. दत्ताच्या तोंडाकडं बघून तिला सगळं कळलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. "आबा, हातपाय धुवा, जेवायला वाढते," एवढं म्हणाली. वाढताना दोनदा तिनं नाक पदरानं पुसलं. भाकरी गरम होती, दूध होतं. मी एक भाकरी सोडून उठलो. ती म्हणाली, "का?" मी म्हटलं, "प्रवासानं." खोटं बोललो.

माणूस प्रवासाला जातो तेव्हा घरी सांगण्यासारखं काहीतरी घेऊन येतो. मी पेढे आणायचे तेसुद्धा त्यांच्याच घरात ठेवून आलो. आणलं ते एवढंच. रायफलीची तुलना मी आयुष्यभर माझ्या बाजूनं केली. वजन किती, धक्का किती, गोळी केवढी. धक्का बसायचा तो माझ्या खांद्याला, म्हणून मला ती मोठी वाटायची. गोळी जिकडं जाते तिकडून मी कधी मोजली नाही. आणि जी गोष्ट सांगायला दोन माणसं दोन दिवस माझ्यामागं होती, ती ऐकायला मला एका भिंतीकडं वळावं लागलं. कान एकच गेलाय. दुसरा मीच बंद ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोणी उठायच्या आत मी कोट घातला. पदकं काढून सुवर्णाच्या उशाशी ठेवली. सांगली स्टँडवरून पहिली सातारा गाडी पकडली. शेजारी एक फौजी पोरगं बसलं होतं, त्याला कुठली चालवतोस हेही विचारलं नाही. फाट्यावर उतरलो, गल्लीत गेलो. मालकीणबाई अंगण सारवत होत्या. हात तसाच शेणाचा ठेवून त्यांनी "या" म्हटलं.

सुभेदारांनी खुर्चीकडं हात केला. मी तिथं बसलो नाही. दाराजवळचं स्टूल, काल दत्ता बसला होता ते, ओढलं आणि भिंतीकडं तोंड करून बसलो. तिथून पोरगा सरळ दिसतो.

मालकीणबाई हात धुऊन चहा घेऊन आल्या, ठेवून वळल्या. मी म्हटलं, "ताई, थांबा. सुवर्णाचं तुमी तुमच्या मनानं ठरवा. मी त्यासाठी आलो न्हाई. काल मी तुमच्या पोराच्या खाली बसून नको ते बोललो. माझं चुकलं."

मग म्हटलं, "तो कसा हुता ते सांगा. मी ऐकतो."

चहाचा कप बाजूला सारून त्या माझ्या उजव्या बाजूला येऊन बसल्या.