फारुखशेठ नकाशा निवडतात

फारुखशेठ जगातल्या बहुतेक गोष्टी अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून पारखतात. जुन्या नाशकात त्यांचं कापडाचं दुकान आहे. माणूस काय बोलतो यापेक्षा त्याच्या सदऱ्याचा पोत काय सांगतो, यावर त्यांचा जास्त भरवसा. या पद्धतीने त्यांनी एक जावईसुद्धा निवडला. जावई चांगला निघाला, त्यामुळे पद्धतीबद्दल शंका घ्यायची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही.

हा जावई त्यांच्या मुलीला, उजमाला, घेऊन आयर्लंडला गेला. यंदा उजमाने आईवडिलांना महिनाभर तिकडे बोलावलं, तेव्हा तिच्या आईने, जुलेखाबींनी, एक इच्छा बोलून दाखवली. तिथे चार दिवस नवराबायकोनेच गाडी घेऊन फिरायचं. मागणी माफक होती. लग्नानंतर त्या पुष्कळ फिरल्या होत्या, पण प्रत्येक वेळी गाडीत सासू, नणंदा, नणंदांची मुलं आणि बिर्याणीचं पातेलं असे. नवऱ्याशेजारच्या सीटवर सासरे बसत. सासरे गेल्यावर तिथे पातेलं आलं.

उजमाने अट घातली. "अब्बा, डोंगरात फोनला रेंज नसते. रस्त्यांचा छापील नकाशा घ्या आणि आमच्या गावापासून समुद्रापर्यंत कसं जाणार ते मला व्हिडिओवर दाखवा. नाही जमलं तर आम्ही सोबत येऊ."

"आम्ही म्हणजे?"

"मी, हे आणि माझ्या सासूबाई."

जुलेखाबींनी नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. फारुखशेठ दुसऱ्याच दिवशी गंगापूर रोडला गेले.

तिथे शेखरचं पुस्तकांचं दुकान आहे. ते चालतं स्पर्धा परीक्षांच्या गाइडांवर, पण शेठसाठी त्याने आयर्लंडच्या रस्त्यांची दोन नकाशापुस्तकं मागवली. एक तारेच्या बांधणीचं, खरबरीत. दुसरं शिवलेलं, गुळगुळीत. शेठनी दोन्हींची पानं चिमटीत धरली, उजेडात पाहिली, शिलाई ओढून पाहिली. मग कव्हरावरचे आकडे वाचले. तारेच्या पुस्तकावर होतं, एकास दोन लाख दहा हजार. शिवलेल्यावर, एकास साडेचार लाख.

"हा साडेचारचा द्या. बारीक माल आहे."

"बारीक म्हणजे?" शेखरने विचारलं.

"अहो शेखरभाऊ, चाळीसचं सूत जाडंभरडं, साठचं बरं, शंभरचं मलमल. आकडा जितका मोठा तितकी वीण बारीक. हे काय आता मी तुम्हाला शिकवू?"

शेखरला सुताची माहिती नव्हती आणि नकाशाचीही नव्हती, त्यामुळे त्याचं समाधान झालं. निघताना शेठनी गल्ल्यावरची 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' ही पाटी वाचली. "पाटी चांगली आहे," ते म्हणाले. "गिऱ्हाइकाला धाक पाहिजे."

संध्याकाळी उजमा फोनवर आली. बारीक मालात तिचं गाव नव्हतं. जुलेखाबींनी चष्मा लावून शोधलं, शेठनी चष्मा काढून शोधलं. गाव असायला हवं तिथे तलावाचा निळा रंग तेवढा अतिशय सुबक छापला होता.

"अब्बा, किती स्केलचा आणलात?"

शेठनी अभिमानाने आकडा सांगितला.

"उलटं असतं हो! आकडा मोठा तर नकाशा लहान. छोटी गावं गळतात."

"हे कुठल्या बाजारात चालतं?"

"सगळ्या जगात चालतं. जाऊ दे अब्बा, आम्ही येतो सोबत. सासूबाईंनी बॅगसुद्धा काढलीय."

जुलेखाबी उठून स्वयंपाकघरात गेल्या. भांडी आपटली नाहीत. शेठना तेच जास्त लागलं.

सकाळी ते पुन्हा शेखरसमोर उभे होते. शेखरने पाटीकडे बोट केलं.

"वाचली आहे," शेठ म्हणाले. "पण माल कापलेला नाहीये."

"पडदेपण कापलेले नव्हते, शेठ. गेल्या दिवाळीत आमच्या आईने तुमच्याकडून आणले. घरी आल्यावर रंग वेगळा दिसला. तुम्ही म्हणालात, लताबाई, उजेडाचा दोष आहे."

"होता ना उजेडाचा दोष."

"मग हाही उजेडाचाच असेल. नकाशा खिडकीपाशी धरून बघा, गाव दिसेल."

आयुष्यभर गल्ल्याच्या एकाच बाजूला बसलेल्या माणसाला दुसऱ्या बाजूचा देखावा नवा होता, आणि तो त्यांना मुळीच आवडला नाही.

"पडदे पाठवून द्या," शेवटी ते म्हणाले. "लताबाईंना म्हणावं, रंग स्वतः निवडा."

शेखरने तारेचं पुस्तक पुढे सरकवलं. शेठनी सवयीने पान चिमटीत धरलं, नाक मुरडलं आणि पुस्तक काखेला मारलं.

त्या संध्याकाळी जुलेखाबींनी पुस्तक मांडीवर घेतलं. उजमाचं गाव चटकन सापडलं. तिथून त्यांचं बोट निघालं, पूल ओलांडला, तलावाला वळसा घातला, चुकीच्या फाट्यावर एकदा अडलं, मागे आलं आणि समुद्राशी जाऊन थांबलं. फारुखशेठ शेजारी बसून "डावीकडून, डावीकडून" म्हणत होते. त्यांचं कोणी ऐकत नव्हतं.

"बरोबर आहे, अम्मी," उजमा म्हणाली. "पण आम्हीही आलो तर काय बिघडलं? पाच जणांची गाडी आहे."

"जागा नाही."

"कशी नाही?"

"पुढे आम्ही दोघं," जुलेखाबी पान उलटत म्हणाल्या. "आणि मागे पातेलं."