आर्लिससाठी घेतलेलं रीळ

व्हर्लिन टोलेफसनने चाळीस वर्षं काउंटीच्या रस्त्यांवरचा बर्फ ढकलला आणि तेवढीच वर्षं लोकांना अक्कल शिकवली. पहिल्या कामाचा पगार मिळायचा, दुसरं तो फुकट करायचा.

त्याचा खास विषय मस्की. आमच्या उत्तर विस्कॉन्सिनच्या तळ्यांतला हा मासा मांडीएवढा जाड आणि सावकारासारखा माजोरडा. दिवसभर वीतभर लांबीचं खोटं आमिष फेकत आणि ओढत राहावं, तेव्हा संध्याकाळी एखादा होडीपर्यंत मागे मागे येतो, आपलं तोंड बघतो आणि निघून जातो. एवढ्या अपमानासाठी इथली माणसं सख्ख्या भाचीचं लग्न चुकवतात.

व्हर्लिनचा नियम पक्का होता. गळाची काठी उजव्या हातात धरून आमिष फेकायचं, लगेच काठी डाव्या हातात घ्यायची आणि दोरी गुंडाळायच्या रिळाची मूठ उजव्याने फिरवायची. डावीकडे मूठ असलेली रिळंही मिळतात, त्यांना ही हातांची अदलाबदल लागत नाही. व्हर्लिनच्या मते ती दूधपित्या पोरांची रिळं. त्याचा मेहुणा हार्लन तसलंच रीळ वापरायचा, म्हणून दर शुक्रवारी, तळलेल्या माशांच्या जेवणाला जमलेल्या भर बारमध्ये, व्हर्लिन त्याला सोलून काढायचा. वीस वर्षं. हार्लन ब्रँडीचा घोट घ्यायचा आणि गप्प बसायचा.

फेब्रुवारीत व्हर्लिन स्वतःच्याच दारातल्या बर्फावर घसरला. जन्मभर गावाचा बर्फ काढला, दारातला तेवढा राहिला. उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, "दोन्ही हातांनी बेताने फेका, काठी धरा, काही हरकत नाही. पण या हाताने गरगर काही फिरवायचं नाही. कायमचं."

त्याने गॅरेजमध्ये जुनं रीळ फिरवून पाहिलंच. पाचव्या फेऱ्याला डोळ्यांतून पाणी आलं. मस्कीचा नाद सुटला म्हणजे उन्हाळाभर स्वयंपाकघरात बसून बायकोला, आर्लिसला, बटाटे सोलायला शिकवणं आलं. या विचाराने तो घाबरला होता, आणि बायको त्याच्याहून जास्त.

हंगाम सुरू व्हायच्या आठवड्यात, सोमवारी सकाळी, दुकानात चिटपाखरू नसेल अशा हिशेबाने तो डेल नोवाकच्या मासेमारीच्या सामानाच्या दुकानात गेला. कॉफीच्या किटलीपाशी हार्लन उभा होता.

"रीळ दाखव," व्हर्लिन डेलला म्हणाला. "कमी गिअरचं. मोठ्या पात्यांची आमिषं पाण्यातून ओढायची तर जोर लागतो, वेग घेऊन काय करू? मूठ लांब हवी, आणि ब्रेक असा की माशाने आईची आठवण काढावी."

डेलने एक काळं, ठोकळ्यासारखं रीळ पुढे सरकवलं. व्हर्लिनने ते उलटसुलट करून पाहिलं आणि घसा खाकरला. "हेच डावीकडच्या मुठीचं आहे का?"

डेलने हार्लनकडे पाहिलं. हार्लनने कॉफीकडे.

"आर्लिससाठी," व्हर्लिन म्हणाला.

"आर्लिस मासे पकडते?" डेलने विचारलं.

"पकडणार आहे. आणि डावरी आहे ती."

डावरी ती होतीच. सगळ्या व्यवहारात तेवढंच खरं होतं.

तो घरी पोचेपर्यंत डेलच्या बायकोचा फोन येऊन गेला होता. आर्लिसने खोकं त्याच्या हातातून घेतलं, टेबलाशी बसून उघडलं आणि डाव्या हाताने मूठ फिरवत राहिली.

"एकेचाळीस वर्षांत तू मला फ्रीझर दिलास आणि बर्फाचं फावडं दिलंस," ती म्हणाली. "लग्नाच्या वर्षी विचारलं होतं मी, मला होडीत नेशील का. शिकवत बसायला वेळ नाही म्हणालास. मी पुन्हा विचारलं नाही."

खरं सांगायला तोंड उघडलं होतं त्याने. ते तसंच मिटलं. त्याला लाज वाटली, अगदी कानापर्यंत. मग त्याने जाड विणलेली दोरी आणली आणि तिच्यासाठी त्या रिळावर गुंडाळून दिली, डाव्या हाताने.

गुरुवारी तिने धक्क्यावर उभं राहून आमिष फेकून पाहिलं. चांगलं लांब गेलं.

"शनिवारी दोघं जाऊ," ती म्हणाली. "तुझं रीळ कुठाय?"

शुक्रवारी डेलच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. हार्लन होताच.

"सोमवारी नेलं तसलंच अजून एक दे."

"आर्लिसला दोन लागतात?" डेलने मुद्दाम मोठ्याने विचारलं.

हो म्हणता आलं असतं. पण उद्या सगळ्या तळ्यासमोर एका होडीत डावीकडच्या मुठीची दोन रिळं दिसणार होती, आणि त्यातलं एक त्याच्या हातात.

"माझ्यासाठी," व्हर्लिन म्हणाला. "खांदा गेलाय माझा."

हार्लनने कप खाली ठेवला आणि गर्दीतून गल्ल्यापाशी आला. व्हर्लिन हनुवटी वर करून उभा राहिला. वीस वर्षांचं एकदम येऊ दे, असं मनाशी म्हणाला.

"पहिला आठवडा उजवा हात आपोआप मुठीकडे जातो," हार्लन हळूच म्हणाला. "खिशात घालता येत नाही, कारण काठी असते त्याच्यात. म्हणून सुरुवातीला हळू फिरव. जमतं मग."

त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर व्हर्लिनला सोसल्या असत्या.