झोकेमास्तरांच्या दोन तुकड्या

काहीही टांगलेलं दिसलं की झोकेमास्तरांचे हात शिवशिवायचे. देवळातली घंटा, वाण्याच्या तराजूचं पारडं, ओसरीवरचा कंदील, कशालाही हलका धक्का द्यायचा आणि स्वतःच्या मनगटाची नाडी धरून त्याचे हेलकावे मोजत उभं राहायचं. एका बारशाला त्यांनी असाच पाळण्याला झोका दिला. बायका कौतुकाने बघत होत्या. मास्तरांना लेकरांची केवढी माया! तेवढ्यात मास्तरांनी विचारलं, "घरात आणखी एखादं मूल आहे का? याच्यापेक्षा जरा जड?" त्या दिवसापासून गाव त्यांचं खरं नाव विसरलं. मीही इथे तेच नाव चालवतो.

आमचं गाव रेवस आणि मांडव्याच्या मधलं. एका अंगाला मिठागरं, दुसऱ्या अंगाला कोळीवाडा. साल तीसच्या आगेमागे तिथल्या शाळेत आम्ही दोघे मास्तर होतो आणि वर एक हेडमास्तर. मी पुस्तकातला माणूस. धडा वाचायचा, प्रश्नोत्तरं लिहून द्यायची, पाठ करून घ्यायची. माझा वर्ग कसा शिस्तीत चाले. शेजारच्या वर्गातून मात्र बाजार भरल्यासारखा गलका यायचा, कारण तिथे मास्तरांनी वाशाला शेजारी शेजारी एक नारळ आणि एक सुपारी टांगलेली असायची.

"आधी बोल, मग बघ," हे त्यांचं पालुपद. दोन्ही एकदम सोडले तर परत आधी कोण येईल? नारळ, म्हणायची बहुतेक पोरं; जड तो जोरात. मग मास्तर दोन्ही सोडत आणि नारळ-सुपारी जोडीने जात, जोडीने येत. पोरं रडकुंडीला येत, पण मास्तर उत्तर म्हणून सांगत नसत. फक्त एका दोरीला गाठ मारून ती आखूड करत आणि म्हणत, "आता बोल." मी एकदा वैतागून म्हटलं, "अहो, वेळ दोरीच्या लांबीवर असते, हे एका वाक्यात सांगून मोकळे का होत नाही?" ते म्हणाले, "बापूराव, सांगितलेलं कानात राहतं. चुकलेलं पोटात जातं."

या माणसाचं एकच स्वप्न होतं. मुंबईला शिकत असताना त्यांनी एका प्रयोगशाळेत काचेच्या पेटीत ठेवलेला पितळी तराजू पाहिला होता. "केस ठेवला तरी पारडं झुकतं हो," हे सांगताना त्यांचा आवाज देवाचं नाव घेतल्यासारखा व्हायचा. तिथल्या ट्रेनिंग कॉलेजातले प्रोफेसर त्यांना ओळखत होते. करून शिकलेलं मूल वाचून शिकलेल्यापेक्षा पुढे जातं, हे प्रबंध लिहून सिद्ध केलंत तर इथे जागा देतो, असा त्यांनी शब्द दिला होता. नारळ टांगता टांगता मास्तर त्या तराजूकडे डोळे लावून बसले होते.

त्यासाठी त्यांनी दोन तुकड्या पाडल्या. एक ते प्रयोग करून शिकवणार, दुसरी मी पुस्तकातून. निवड अगदी चोख हवी म्हणून कवड्या टाकून नावं ठरवली. त्यामुळे झालं काय, की एकाच घरातला एक भाऊ त्यांच्याकडे आणि दुसरा माझ्याकडे, एकाच होडीतली पोरं दोन्हीकडे. वर्गातलं बाहेर फुटू नये म्हणून मास्तरांनी आपल्या तुकडीला गावदेवीची शपथ घातली: दुसऱ्या तुकडीला काही सांगायचं नाही. आमच्याकडची पोरं एकवेळ आईला फसवतील, पण गावदेवीची शपथ मोडणार नाहीत, त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो.

परीक्षा झाली. दोन्ही तुकड्या सारख्याच निघाल्या. मास्तर पुन्हा पुन्हा पेपर तपासत होते आणि माझी छाती, खरं सांगतो, फुगली होती. पुस्तकाने नारळाला गाठलं होतं! हा तोरा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टिकला. दुपारी कोळीवाड्यातली हिराबाई कमरेवर हात ठेवून शाळेच्या दारात उभी राहिली.

"ओ मास्तर, पोरं आमच्या जाल्याचं शिसं पलवतात. तुमची शाला मासं धराया निंगाली का काय?"

आम्ही दोघे तिच्या मागोमाग बंदरावर गेलो. तिथे ओढून ठेवलेल्या होडीच्या आडव्या काठीला जाळ्याच्या शिशाची गोळी आणि एक सुपारी शेजारी शेजारी टांगलेली होती. मास्तरांच्या तुकडीतला पांडू दोन्ही हातांत धरून उभा होता. समोर त्याचा धाकटा भाऊ गणा, आणि माझी अर्धीअधिक तुकडी.

"पांड्या," मास्तर म्हणाले, "गावदेवीची शपथ घेतली होतीस ना?"

"व्हय मास्तर. पाललीय. आमी काय सांगलं न्हाय. नुस्तं इचारलं."

मास्तर होडीच्या काठावर मटकन बसले. तो पितळी तराजू त्यांच्या डोळ्यांसमोरून जात होता, हे मला दिसत होतं, आणि मला फार वाईट वाटलं. मग त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "गणा, तू काय म्हणाला होतास?"

"मी बोललो, शिसं आदी येल. चुकलो."

"मग?"

"मग दोरी बगितली," गणा म्हणाला. मास्तर हसले.

हेडमास्तरांनी सुचवलं, बापूरावांच्या तुकडीतली बंदरावर जाणारी पोरं वगळा, म्हणजे प्रबंध तरेल. मीही गळ घातली. माझी तुकडी हरली तर हरू दे, हा माणूस मुंबईला जाऊ दे. मास्तर म्हणाले, "पोरांना मी सांगतो, आधी बोल, मग बघ. आता माझं बोलणं चुकलं म्हणून मी बघायचं नाही होय?" त्यांनी सगळं लिहिलं, कवड्या, शपथ, जाळ्याचं शिसंसुद्धा. प्रबंध परत आला. त्यातून काहीच सिद्ध होत नाही, असा शेरा होता. जागा दुसऱ्याला मिळाली.

गावात बातमी लपत नाही. दुसऱ्या दिवशी पांडू वर्गात उभा राहिला आणि मान खाली घालून म्हणाला, "मास्तर, आमच्यापायी तुमी नापास झालाव?" मास्तर त्याच्याजवळ गेले, त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "अरे, मी दोन तुकड्या केल्या होत्या. तुम्ही एक केलीत." मग मधलं दार उघडून त्यांनी माझा वर्गही आत बोलावला. मीही मागच्या बाकावर जाऊन बसलो. पुस्तक मी टेबलावरच ठेवलं होतं.

पुढे बऱ्याच वर्षांनी मास्तर विषमज्वराने गेले. मुंबईचा तराजू त्यांनी पुन्हा पाहिला नाही. शाळेतली घंटा मला कितीतरी दिवस बघवत नसे.

त्यानंतरच्या वर्षी पांडूच्या मुलीचं बारसं होतं. त्याची बायको सोनी मिठागरावर वाढलेली, शाळेची पायरी न चढलेली. बायकांची गाणी झाल्यावर तिने पाळणा थांबवला, नणंदेच्या पोराला जवळ ओढलं आणि म्हणाली, "आदी बोल. तुला बी हितं निजवला, तं पालना आदीसारखाच झुलंल का जोरात?"

मी पाळण्याजवळ गेलो. विचारलं, "सोने, हे तुला कोणी सांगितलं ग?"

"सांगलं कुनी न्हाय, मास्तर," ती म्हणाली. "इचारलं."