डब्लिनच्या इन्स्पेक्टरला बाबांचा आवाज

माझी थोरली बहीण लंडनमधल्या हॅरोच्या एका केअर होममध्ये असते. उभं आयुष्य तिने नर्स म्हणून इथल्या पेशंटांना इंग्रजीत दरडावलं. डिमेन्शिया झाल्यावर आधी गेलं ते इंग्रजीच. उरली आमची नागपूरची मराठी आणि रहस्यकथांचं वेड.

म्हणून मी जुन्या काळच्या डब्लिनमधली एक खुनाची कादंबरी आणली आणि दर रविवारी तिथल्या तिथे मराठीत करून वाचायला लागलो. आता, मंडळाच्या गणपतीतल्या नाटकात दरवर्षी मिशा चिकटवून उभा राहणारा माणूस मी. सपाट वाचणं मला जमायचं नाही. पबच्या मालकिणीला मी आमच्या जुन्या घरमालकिणीचा आवाज दिला. पाद्र्याला सासऱ्यांचा (हे घरी सांगू नका). इन्स्पेक्टर मात्र प्रश्न विचारण्याआधी घसा खाकरायचा, आणि मी खाकरलो तर तोंडातून थेट आमचे बाबाच बाहेर पडले.

"हं, असं म्हणता? मग एवढ्या पावसात तुमची छत्री कोरडी कशी हो?"

ताई ताठ बसली. "बाबा!"

वन्स मोअर मिळाल्यासारखा मी फुललो. तेव्हापासून डब्लिनचे सगळे चोर बाबांनीच पकडले. ताई मध्येच म्हणायची, "त्यांना मफलर घालायला सांग रे, दमा आहे त्यांना." मीही त्यांना मफलर घालायचो.

शेवटी खुनी बोटीने पळतो आणि इन्स्पेक्टर त्याच्या मागावर निघतो. पुस्तक संपलं.

"मग परत कधी येणार?" ताईने विचारलं.

"ऑक्टोबरात. दुसरा भाग येतोय ना!"

दुसऱ्या दिवसापासून ताई कोट घालून रिसेप्शनपाशी बसू लागली. जेवायला उठेना. केअररनी हात धरला की हात झटकायची. बाबा गेले तेव्हा तिला हॉस्पिटलच्या कामातून रजा मिळाली नव्हती. तिने त्यांचं शेवटचं दर्शन घेतलेलंच नाही. आता ती वाट बघत होती आणि वजन उतरत चाललं होतं.

अशात नव्या भागाची जाहिरात आली. इन्स्पेक्टरची अखेरची केस. मुखपृष्ठावर ताजी कबर. मी म्हटलं, हात्तिच्या, शेवट बदलून टाकू! मराठीत कोण तपासायला येतंय?

रविवारी गेलो, घसा खाकरला, तेवढ्यात ताई म्हणाली, "नाटकं पुरे. खरं सांग. बाबा येणार आहेत का?"

पेशंटच्या नातेवाइकांशी ती अशीच, डोळ्यांत बघून बोलत असे. मी खुर्ची ओढून बसलो.

"ताई, बाबा गेले गं. खूप वर्षं झाली."

"आणि मला कुणी कळवलंसुद्धा नाही?"

ती रडली. आजच निरोप आल्यासारखी, माझी बाही घट्ट धरून रडली. मग तिने मला कोट काढू दिला. ती आत येऊन टेबलाशी बसली, सूप प्यायली, अर्धा ब्रेडही खाल्ला. मला वाटलं, चला, सुटली एकदाची.

तिने रुमालाने तोंड पुसलं आणि माझ्याकडे वळून अगदी सभ्यपणे म्हणाली, "अहो, तो माझा कोट जरा देता का? वडील यायचेत माझे."

मी दिला. बटणं तिला लावता येत नाहीत, तीही लावून दिली.