शाझलीने बांधलेला काठ

नाईलच्या पश्चिम काठावरच्या आमच्या गर्ब असवानात शाझली दाऊदचा हात न लागलेलं न्हाणीघर शोधून सापडायचं नाही. फरशा बसवणारा माणूस. उंच, सावळा, अंगात पायघोळ झगा, गलाबिया, तो गुडघ्यापर्यंत खोचलेला, आणि स्वतःच्या कामावर इतका खूश की विचारू नका! कुठे फट दिसली की याच्या पोटात दुखायला लागायचं. काम संपलं की घरमालकाला म्हणायचा, "घाल नख, घालून दाखव." नख आत गेलं नाही की स्वारी हवेत.

त्याची बायको नब्रा. ती बोलायला लागली की होडीवाले वल्हं मारायचं थांबवत. गेल्या थंडीत तिला झटका आला आणि अख्खी डावी बाजू लुळी पडली. जीभ तेवढी वाचली, देवाचे उपकार! नाहीतर शाझली त्या शांततेनेच मेला असता.

नदीपलीकडे, शहरात, गरिबांसाठी एक उपचार केंद्र आहे आणि तिथे पोहायचा एक लहानसा तलाव. इरिनी नावाची मुलगी तिथे रोग्यांना व्यायाम द्यायची. जमिनीवर उभी राहू न शकणारी नब्रा छातीभर पाण्यात उभी राहू लागली. तलावाच्या कडेने गोलसर दगड बसवलेले होते, ते धरून. आता त्याच दगडांना धरून पाऊल टाकायचं, एवढंच बाकी होतं. शाझली रोज तिला होडीतून न्यायचा, काठावर बसून बघायचा, आणि परतताना इरिनीला इतके आशीर्वाद द्यायचा की ती पोरगी लाजून आत पळायची.

मग उन्हाळा लागला. आमच्याकडचं ऊन म्हणजे काय, ते आम्हीच जाणो. तलावाचे दगड जुने, एका बाजूने सुटले, त्यांच्याखालच्या निळ्या फरशा टपाटप पाण्यात पडल्या. एका म्हाताऱ्याचा पाय कापला तेव्हा इरिनीने तलाव बंद केला.

"बंद?" शाझली म्हणाला. "डॉक्टरबाई, मी मेलोय का?"

पाणी फरशांच्या खालपर्यंत उतरवून तो कामाला लागला. उजाडायच्या आत सुरुवात आणि ऊन चढलं की बंद, कारण नंतर घमेल्यातला सिमेंटचा मसाला थापीवरच सुकतो. जुनं खरवडलं, नव्या फरशा लावल्या, वर दगड बसवले. दगड आणि त्यांच्यामागची, तलावाभोवतीची फरसबंदी यांच्या मधे पूर्वी एक बोटभर पट्टा होता, त्यात कसलं तरी रबर होतं, वाळून चिरफाळलेलं. शाझलीने तोंड वाकडं केलं. असली घाण कोणी ठेवतं का? त्याने ते उपटून काढलं, जागा सिमेंटने गच्च भरली आणि हाताने घोटघोट घोटली. इरिनीला म्हणाला, "घाला नख."

नख गेलं नाही. सगळ्यांनी वाहवा केली. तलाव भरला.

काही दिवस बरे गेले. मग एका दुपारी नब्रा दगड धरून पहिलं पाऊल उचलायच्या बेतात होती, आणि हाताखालचा दगड हलला. हात सुटला. ती पाण्याखाली गेली. इरिनीने कपड्यांसकट उडी मारून तिला वर काढलं. नब्रा खोकत होती, आणि शाझली काठावर उभा राहून दगडांकडे बघत होता. त्याच्या कामाचे तीन-चार दगड आत सरकले होते आणि खालच्या फरशा पोट फुगवून सुटल्या होत्या.

घरी नब्रा एवढंच म्हणाली, "मी आता पाण्यात जायची नाही." ओरडली नाही, टोमणा मारला नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

शाझली थापीला हात लावेना. अंगणात बसून राहायचा. एका टळटळीत दुपारी आतून हाक आली, "अरे शाझली! दार उघड, नाहीतर भिंत फोड! घामाने भिजलेय मी!" लोखंडी दार उन्हाने फुगून चौकटीत अडकलं होतं. दर उन्हाळ्यात अडकतं. त्याने खांदा मारला, लाथ मारली, तेव्हा कुठे ते सुटलं.

"किती वर्षं सांगतेय, थोडं घासून जागा कर त्याला," नब्रा म्हणाली. "पण तुला फट दिसली की ताप येतो!"

शाझली दाराकडे बघत राहिला. मग दाराची घासलेली कड त्याने बोटाने चाचपली. "नब्रा, मी मूर्ख आहे."

"हे आज कळलं?"

"तो पट्टा घाण नव्हता. उन्हात फरसबंदी फुगते, तिला सरकायला जागा होती ती. मी बुजवली. तिने दगडांना ढकललं, दगडांनी तुला बुडवलं. मी बुडवलं तुला."

नब्राने उजव्या हाताने कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणाली, "रडत काय बसलास? जा की, उघड ती जागा."

तो केंद्रात गेला आणि सगळ्यांसमोर चूक सांगितली. व्यवस्थापक दुसरा माणूस आणायच्या तयारीत होते. इरिनी म्हणाली, "शाझलीकाकाच करतील. चूक कुठे झाली ते त्यांना पक्कं ठाऊक आहे." शाझलीने तिथल्या तिथे तिचा हात डोळ्यांना लावला.

या वेळी त्याने घाई केली नाही. दगड काढले, पुन्हा बसवले, आणि मागे बोटभर जागा मोकळी सोडली. ती बुजवायला दोनदा थापी पुढे गेली आणि दोनदा त्याने ती मागे घेतली, असं तोच सांगतो. मसाला उन्हाने तडकू नये म्हणून वर ओली पोती हवी होती. बातमी पसरली आणि गावातल्या बायकांनी खजुराची, डाळीची, मिळतील तेवढी पोती होडीने पाठवली, आणि पाळीपाळीने येऊन त्यांच्यावर पाणी मारलं. ज्यांच्या घरी शाझलीने फुकट काम केलं होतं, त्यांतला एकही शेजारी मागे राहिला नाही. शाझली प्रत्येकीला म्हणायचा, "देव तुझे हात राखो." त्याचा घसा बसला, काय सांगू! सगळं पक्कं वाळल्यावर जागेत मऊ रबर भरलं आणि तलाव भरला.

त्या सकाळी त्याने नब्राला चल म्हटलं नाही. कुठल्या तोंडाने बोलणार? पाहतो तर ती आपली काळी ओढणी घेऊन दाराशी बसलेली. "होडी काय तुझा बाप बोलावणार आहे?"

पाण्यात उतरताना तिने इरिनीचा खांदा सोडला नाही. इरिनीने कंबरेला धरलं होतं. नब्राने काठाकडे पाहिलं, शाझलीकडे पाहिलं, डोळे मिटले आणि आपला लुळा हात उजव्या हाताने उचलून दगडावर ठेवला. मग उजवा हात त्यावर दाबून सगळा भार टाकला.

दगड हलला नाही.

तिने डावा पाय उचलला. टेकवला. मग उजवा. इरिनीने कंबरेचे हात हळूच काढून घेतले तरी नब्राला पत्ता नव्हता. शाझली काठावर तिच्या पुढ्यातच उकिडवा बसला होता. आमच्याकडे देवाचे आभार मानतात तसे आपल्याच हाताचा तळवा आणि पाठ, दोन्हींचे मुके घेत "तुझे उपकार, तुझे उपकार" म्हणत होता. देवाला, इरिनीला की बायकोला, ते त्यालाही सांगता आलं नसतं. डोळ्यांतलं पाणी दाढीवरून थेंबथेंब गळत होतं.

नब्राने डोळे उघडले.

"शाझली, बाजूला हो," ती म्हणाली. "पुढचा दगड धरायचाय मला."