पडेगावचा रस्ता आणि माझी हरकत

आता माझी अक्कल मीच चव्हाट्यावर मांडते. हसायचं तेवढं हसून घ्या, फक्त चहा सांडू नका.

शहराचा नवा विकास आराखडा आला. जुन्या आराखड्यानं आमच्या पडेगावच्या वावरावर बाग टाकली होती. सासरे वाट बघत गेले, बाग काय उगवली नाय. आम्ही तिथं मेथी लावतो. या खेपेला म्हणे सरकारनं गल्लीतून रस्ता काढलाय. कुणाची हरकत असली तर सुनावणीला या.

हरकत? माझा तर जन्मच हरकत घ्यायला झालाय!

शेजारच्या रुबीनाभाभीला ओढतच नेलं. भिंतीवर हा एवढा नकाशा! मारुतीचं देऊळ लगेच घावलं. आमचं घर देवळाच्या उगवतीला. आता तुम्हीच सांगा, सूर्य वर येतो ती बाजू वरच असणार ना? म्हणून देवळाच्या वर बघितलं, तर घरावरून तांबडा रस्ता सणसणीत गेलेला!

"साहेब, माझं घर पाडता व्हय?"

"बाई, तुमच्या घराला रस्ता लागतच नाही."

"मला माझं घर शिकवता? इथं नांदून केस पिकले माझे!"

"मग रस्ता न्यायचा कुठून?"

मी देवळाच्या उजव्या हाताला बोट दाबलं. "इथून न्या! पडीक रान हाय, नुसत्या बाभळी."

"इथं तर घर दिसतंय."

"असंल कुणाचं खोपट. पाडा की! शहरासाठी एवढं सोसायला नको का माणसानं?"

"लिहून देता?"

"आत्ता देते!" दिलं. वर ठसठशीत सही ठोकली.

पायऱ्या उतरताना भाभी हळूच म्हणाली, "दीदी, नक्शे में ऊपर उत्तर रहता. तुम रस्ता डाले ना, वो तुमाराच घर है."

"अगं, मग आत का नाय बोललीस?"

"तुम बोलने दिये तो ना!"

तशीच माघारी पळाले. दुसरा अर्ज खरडला: इथून रस्ता न्यायला माझी सक्त हरकत! साहेबानं दोन्ही अर्ज शेजारीशेजारी मांडले. नावं वाचली. चष्मा काढून पुसला. परत वाचली.

"या बाई म्हणतात घर पाडा, या बाई म्हणतात पाडू नका. दोघी राहता एकाच घरात. आधी घरी बसून आपसात मिटवा, मग या."

मिटवायचं कसं हो? दोघीपण माझ्यासारख्याच, ऐकून घेणारी एकही नाय!