हात लावला की दिसतंय

"कोण हाय बे वर? सोडू नको, धर तसंच!" खालून डायरेक्टर ओरडला.

वर मी होते. त्याच्या गच्चीवरची वाळलेली धुणी काढताना तोल गेला आणि अँटेनाची नळी हातात धरली, एवढंच. खाली बैठकीत गलका झाला. "आलं, आलं! साफ दिसाया लागलं!" मी हात काढला, तर खालून ओरडा, "पुन्हा मुंग्या आल्या!" डायरेक्टरची बायको जिन्यात आली. मला बघून हसली. "तू हाय व्हय! धर गं. हात लावला की दिसतंय."

डायरेक्टर म्हणजे आमच्या साखर कारखान्याचा. दुष्काळावरच्या कार्यक्रमात तो त्या दुपारी टीव्हीवर दिसणार होता. गावातले बाप्ये जमले होते. चैत्राचं ऊन. नळी तव्यासारखी तापलेली. पदर गुंडाळून धरली तर चित्र जायचं, म्हणून उघड्या हातानं धरली. कार्यक्रम संपला, टाळ्या झाल्या, चहा झाला. मला कुणी 'खाली ये' म्हटलंच नाही. टीव्ही बंद झालाय हे वर कळणार कसं? मी मूर्खासारखी उभीच.

त्या साली रानात ऊसच नव्हता. कारखान्याचा बॉयलर पेटला नाही, आम्हा तोडणीवाल्यांचे कोयते घरात गंजले. पाणी एकट्या डायरेक्टरच्या बोअरला. त्याची धुणीभांडी केली की मला दोन हंडे मिळायचे. घरात आम्ही तिघं. मी, नवरा, सासू. म्हणून बोलावलं की दर रविवारी वर गेले. पिक्चर असायचा. खाली गाणी, हसणं, कुणाचं मुसमुसणंसुद्धा. अख्खा पिक्चर माझ्या अंगातून खाली उतरायचा आणि मला त्यातला एक चेहरा दिसायचा नाही. गावानं माझं नावच टाकलं. "अँटिना आली का?" लेकरंसुद्धा असंच म्हणायची. पुढं पुढं मीही ओ द्यायला लागले. त्याची लाज आजही वाटते.

मग डोक्यात घेतलं, आपणही पिक्चर बघायचा. भावानं दिलेला जुना टीव्ही घरात पडून होता. छपरावर काठी उभारली असती तर डायरेक्टरच्या बायकोनं जाब विचारला असता, मग आमची कोण धरणार म्हणून. म्हणून घरातच अँटेना करायचा. मोडक्या छत्रीच्या काड्या घेतल्या. विहिरी आटून गावातल्या मोटारी जळाल्या होत्या. त्यातल्या एकीची तांब्याची तार मागून आणली. ती तशीच जोडली, काही दिसेना. त्या तारेवर लाखेसारखा थर असतो हे मागाहून कळलं. विळ्यानं खरवडली. काड्या फळीवर ठोकल्या. फळी खिडकीत ठेवली, कणगीवर ठेवली, खुंटीला टांगली. मुंग्याच. घर पत्र्याचं. पत्रा चित्राला काही आत येऊ देईना.

चिडून मी काडी मुठीत धरली आणि चित्र आलं. कुणी बाई बोलत होती. तिच्या कानातलं दिसत होतं. मी अशी हरखले की काय सांगू.

तेवढ्यात नवरा आला. भिंतीला टेकून टीव्हीसमोर बसला. मला पण बसायचं होतं. मी हात काढला. चित्र गेलं. तो म्हणाला, "धर की. तुला तर सवय हाय."

डायरेक्टर परका होता. हा माझा होता. संतापानं रडू आलं.

"तुमाला बघायचं आसंल तर तुमी धरा."

इतक्या वर्षांच्या संसारात मी त्याला असं कधी बोलले नव्हते. त्यानं धरलं नाही. टीव्ही बंदही केला नाही. मुंग्या बघत बसला.

रविवारी बोलावणं आलं. मी गेले नाही. डायरेक्टरची बायको स्वतः दारात आली. "का गं? हात गळाले का?"

"हात हायत. भांडी घासीन, धुणं धुईन. वर जाऊन धरणार न्हाई."

"मंग पाणी बी न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून मी कोरड्या नदीत झरा उकरायला लागले. वाटीवाटीनं पाणी भरायचं. अख्खी सकाळ गेली तरी हंडा अर्धाच. तो डोक्यावरून उतरवला तेव्हा हात सोलवटले होते. सासूनं हंड्यात डोकावून बघितलं.

"आता काय तुजा हट्ट प्यायचा आमी?"

"व्हय," मी म्हटलं. "उद्या बी त्योच प्यायचा."